विजेचा धक्का : दुर्लक्ष नको, धास्तीही नको

उन्हाळ्याच्या अखेरीस विदर्भात आणि हरियाणात एक वस्तू सारखीच घरोघरी दिसते, ती म्हणजे पत्र्याचा कूलर. लोखंडी पेटी, तळाशी पाणी, त्या पाण्यात बुडालेली छोटी मोटर, भिजलेल्या ताट्या आणि बहुतेक वेळा अर्थिंग नसलेला दोन पिनांचा प्लग. विजेचा धक्का बसावा म्हणून मुद्दाम मांडणी करायची ठरवली, तरी याहून सोयीची करता येणार नाही. दिल्ली-जयपूर महामार्गावरील मानेसरच्या औद्योगिक वसाहतीत देशभरातून आयटीआय झालेली मुले कामाला येतात. त्यांत महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबांतली मुलेही असतात. आसपासच्या गावांत भाड्याच्या एका खोलीत तिघे-चौघे राहतात, कूलरमध्ये बादलीने पाणी ओततात आणि कधीतरी त्यांतल्या एखाद्याला करंट बसतो. तो हात झटकतो, बाकीचे हसतात आणि कूलर पुन्हा सुरू होतो. गावाकडे त्याच्या वडिलांनाही स्टार्टरच्या पेटीला ओला हात लागून तसाच झटका बसलेला असतो. फोनवर मात्र दोघेही एकमेकांना हे सांगत नाहीत, कारण दोघांच्याही लेखी ती सांगण्याजोगी गोष्ट नसते.

अशा किरकोळ धक्क्यानंतर दवाखान्यात जावे की नाही, हा प्रश्न कृषी विस्ताराच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. शेतकऱ्याचा विजेशी सर्वांत जोखमीचा संबंध विहिरीवर, गोठ्यात आणि ओल्या बांधावर येतो. गावात अशा वेळी पहिला सल्ला डॉक्टरांना विचारला जातोच असे नाही. तो शेजाऱ्याला, वायरमनला किंवा योगायोगाने शिवारात आलेल्या कृषी सहायकाला विचारला जातो. शिवाय कीड व्यवस्थापनाच्या शिफारशींतील प्रकाश सापळा हाच मुळी विजेचा दिवा भर शेतात, पाण्याच्या घमेल्यावर टांगायला सांगतो. ज्यांनी दिवा टांगायला सांगितला, त्यांनी धक्का बसल्यावर काय करायचे हेही सांगणे कर्तव्याचा भाग आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या काळात देशात विजेच्या धक्क्याने वर्षाकाठी १२,००० हून अधिक माणसे दगावतात. धक्का बसून वाचलेल्यांची मोजदाद मात्र कोणत्याच नोंदवहीत होत नाही. प्रस्तुत प्रश्न त्या न मोजलेल्यांचा आहे.

दोन टोकाचे सल्ले

या प्रश्नावर दोन उत्तरे प्रचलित आहेत. पहिले उत्तर गावाचे : ‘काही होत नाही, गूळ-पाणी घे आणि कामाला लाग.’ दुसरे उत्तर सुरक्षा-पत्रकांचे : ‘धक्का कितीही किरकोळ असो, तत्काळ रुग्णालयात जा.’ पहिल्यात बेफिकिरी उघड आहे. दुसऱ्यात काळजी असली तरी त्याचा उपयोग फारसा होत नाही, कारण तो सल्ला कोणी पाळत नाही. ज्या माणसाला वर्षातून चार वेळा झटका बसतो, तो चारही वेळा मजुरी बुडवून तालुक्याला जाणार नाही. न पाळता येणारा सल्ला वारंवार ऐकला की माणूस सल्ला देणाऱ्याचेच ऐकणे सोडतो, आणि ज्या पाचव्या वेळी खरोखर जायला हवे असते त्या वेळीही तो घरीच राहतो.

कीटकशास्त्राच्या वाचकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. ठरावीक दिवशी फवारणी करत राहणे आणि अळी दिसूनही हातावर हात धरून बसणे, या दोन्ही चुका टाळण्यासाठी आर्थिक नुकसानीच्या पातळीची संकल्पना पुढे आली. कपाशीत कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग आले, की गुलाबी बोंडअळीसाठी उपाय योजावा, असा निकष शेतकऱ्यांनी स्वीकारला. कारण त्यात भीती नाही, बेफिकिरीही नाही, मोजणी आहे. विजेच्या धक्क्यानंतरच्या निर्णयालाही अशीच पातळी लागते. गावात ती कोणी सांगितलेली नाही, हीच खरी उणीव आहे.

तीच वायर, निराळे परिणाम

पातळी ठरवण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. त्याच वायरला काल हात लागून काही झाले नाही, मग आज माणूस कसा दगावला, असे लोक विचारतात. शरीराला इजा करतो तो शरीरातून वाहिलेला प्रवाह. तो किती, किती वेळ आणि कोणत्या मार्गाने वाहिला, यावर सारे अवलंबून असते. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. कोरड्या, राठ कातडीचा रोध पन्नास हजार ओहमच्या आसपास धरला, तर शरीरातून सुमारे ५ मिलिअँपिअर प्रवाह जातो. झटका बसतो आणि हात सुटतो. हात घामेजलेले किंवा ओले असतील आणि पाय चिखलात असतील, तर हाच रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. मग तीच वायर २३० मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून नेते.

सुमारे १ मिलिअँपिअरला झिणझिण्या जाणवतात. १० ते १६ मिलिअँपिअरच्या दरम्यान हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली वायर सोडता येत नाही. त्यापुढे छातीचे स्नायू जखडून श्वास अडकू शकतो. प्रवाह छातीतून काही काळ वाहिला, तर ५० ते १०० मिलिअँपिअरच्या आसपासही हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहू शकते आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. हाताने वायर सोडता येण्याची मर्यादा किती, हे अमेरिकेतील चार्ल्स डॅलझिएल या विद्युत अभियंत्याने स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजले. त्याला पुरुषांसाठी ती सरासरी १६ आणि स्त्रियांसाठी सुमारे १०.५ मिलिअँपिअर आढळली.

नुसता व्होल्टचा आकडा का फसवतो, याची दोन उदाहरणे शेतकऱ्याच्या घरातच असतात. डास मारण्याच्या रॅकेटच्या जाळीत हजाराहून अधिक व्होल्ट असतात. पण त्यामागची ऊर्जा नगण्य असल्याने बोटाला फक्त चटका बसतो. कुंपणाचे प्रमाणित झटका मशीनही हजारो व्होल्टचे असते, पण त्याचा झटका क्षणाच्या अतिसूक्ष्म भागापुरता आणि थांबून थांबून येतो. याउलट मुख्य वाहिनीतून थेट तारेत सोडलेली २३० व्होल्टची वीज अखंड वाहते आणि रानडुकरासाठी लावलेल्या त्या तारेत माणूसही अडकतो. असे कुंपण हा गुन्हा आहे. शिवाय तिथे बसलेला धक्का कधीच किरकोळ समजायचा नाही.

दवाखान्यात जाण्याची पातळी

पुढीलपैकी एकही गोष्ट घडली असेल, तर त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. पहिल्या गटातील लक्षणे असतील, तर तासही न घालवता.

पहिला गट लक्षणांचा. क्षणभर का होईना शुद्ध हरपली, फेफरे आले, छातीत दुखले, धडधड होऊ लागली, ठोका चुकल्यासारखा वाटला, धाप लागली, बोलण्यात गोंधळ झाला, किंवा हातापायांतील मुंग्या आणि अशक्तपणा काही वेळाने ओसरण्याऐवजी तसाच राहिला, तर रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरा गट प्रवाहाच्या मार्गाचा आणि वेळेचा. माणूस वायरला चिकटून राहिला होता का? एका हातातून दुसऱ्या हातात प्रवाह गेला का, म्हणजेच छाती वाटेत होती का? अंग ओले होते का, पाय अनवाणी आणि चिखलात होते का? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल, तर बरे वाटत असले तरी ईसीजी काढून घ्यावा.

तिसरा गट जखमांचा. बोटावर पांढरट किंवा काळा ठिपका, तळपायाला भाजल्याची छोटी खूण दिसली, की डॉक्टरांनीच ती पाहावी. विजेची जखम गुलाबी बोंडअळीने पोखरलेल्या बोंडासारखी असते. वरून बोंड हिरवे दिसते आणि आत सरकी खाऊन झालेली असते. प्रवाह कातडीतून लहानशा जागेतून शिरतो आणि आतले स्नायू भाजून काढू शकतो. नंतर लघवी चहासारखी गडद झाली, तर स्नायूंची मोडतोड होऊन मूत्रपिंडांवर भार येत असल्याचा तो इशारा असतो. भाजल्याच्या जखमेसाठी धनुर्वाताची लस झाली आहे की नाही, हेही त्याच भेटीत पाहिले जाते.

चौथा गट पडण्याचा. झटक्याने माणूस शिडीवरून, विहिरीच्या काठावरून किंवा नुसता मागे फेकला जातो. डोक्याला मार, मणक्याला इजा, खांदा निखळणे या गोष्टी धक्क्याच्या गडबडीत मागे पडतात. स्नायूंच्या जोरदार आकुंचनानेच खांदा मागच्या बाजूस निखळू शकतो, त्यासाठी पडायचीही गरज नसते.

पाचवा गट व्यक्तीचा. गर्भवती स्त्री, लहान मूल, हृदयविकाराचा रुग्ण, पेसमेकर बसवलेली व्यक्ती यांच्यासाठी किरकोळ धक्का असा प्रकारच धरू नये. रांगते मूल चालू चार्जरची वायर चघळते, तेव्हा ओठाचा कोपरा भाजतो. ती जखम पहिल्या दिवशी साधी दिसते. परंतु एक-दोन आठवड्यांनी खपली सुटताना ओठातील रक्तवाहिनीतून अचानक मोठा रक्तस्राव होऊ शकतो. आईला हे आधी सांगितलेले असणे हाच त्यावरचा मोठा बचाव आहे.

सहावा गट वीज कुठून आली याचा. ११ केव्हीची वाहिनी, डीपी, तुटून पडलेली तार किंवा तारेला टेकलेला ऊस-बांबू यांच्याशी संबंध आला असेल, तर माणूस चालत घरी आला तरी त्याला रुग्णालयातच न्यायचे. १,००० व्होल्टच्या वरचा धक्का हा निरीक्षणाखाली ठेवण्याचाच विषय आहे. अंगावर खूण नाही म्हणून घरी थांबण्याची सवलत त्यात नाही. तीन फेजच्या कृषिपंपाचा धक्का याहून खालच्या दाबाचा असला, तरी तो बहुधा ओल्या जमिनीवर बसतो. त्यामुळे घरातल्या कोरड्या बटणाच्या झटक्याशी त्याची बरोबरी करू नये.

घरी थांबणे केव्हा योग्य

या सहाही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेल, म्हणजे कोरड्या हाताला २३० व्होल्टचा क्षणिक झटका बसला, हात लगेच सुटला, माणूस निरोगी प्रौढ आहे, त्याला काहीही त्रास होत नाही आणि कातडीवर खूण नाही, तर दवाखान्यात गेलेच पाहिजे असे नाही. हे स्पष्टपणे सांगण्यात संकोच करू नये. विजेने हृदयाची घातक लय निर्माण व्हायची ती प्रामुख्याने धक्क्याच्या क्षणीच होते. धक्क्यानंतर ठणठणीत असलेला आणि ईसीजी निर्दोष असलेला माणूस रात्री झोपेत अचानक दगावतो, ही समजूत वैद्यकीय अनुभवाला धरून नाही. त्यामुळे धक्का बसलेल्याला रात्रभर जागे ठेवण्याचा आग्रह निष्कारण आहे.

डेन्मार्कमध्ये राष्ट्रीय आरोग्य नोंदींच्या आधारे झालेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. विजेच्या धक्क्यानंतर रुग्णालयात आलेल्या ११,००० हून अधिक लोकांचा त्यात मागोवा घेतला होता. धक्क्यातून त्या क्षणी वाचलेल्यांमध्ये पुढे हृदयविकाराचे किंवा मृत्यूचे प्रमाण इतर लोकांपेक्षा अधिक आढळले नाही. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे, पण तो जसाच्या तसा शिवारात आणताना तारतम्य हवे. तेथील घरांत अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारी उपकरणे सर्वदूर आहेत. आपल्याकडे चिखलात उभे राहून मोटर सुरू करणाऱ्याला बसणारा धक्का वेगळ्या परिस्थितीतला आहे. म्हणून ‘घरी थांबा’ हा सल्ला कोरड्या, क्षणिक, बिनखुणेच्या धक्क्यापुरताच द्यावा.

घरी थांबणाऱ्यानेही एकटे राहू नये. पुढचा दिवसभर सोबत कोणीतरी असावे, त्या वेळात शेतावर एकट्याने जाणे, विहिरीत उतरणे, लांबचे वाहन चालवणे टाळावे. लक्षणांपैकी एकही दिसले, की निर्णय बदलावा. फवारणी न करण्याचा निर्णय घेतल्यावर शेतकरी शेताकडे पाठ फिरवत नाही, दोन दिवसांनी पुन्हा निरीक्षण करतो. येथेही तेच.

कीड व्यवस्थापनाशी केलेली ही तुलना एका ठिकाणी थांबते आणि ते सांगणे आवश्यक आहे. पिकात पातळी चुकली तर हंगामाचे उत्पन्न जाते, येथे चुकली तर माणूस जातो. म्हणून शंका असेल तेव्हा झुकते माप तपासणीला द्यायचे. ईसीजी ही काही मिनिटांची, वेदनारहित तपासणी आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. एका दिवसाची मजुरी बुडेल हे खरे. पण संशय असताना ती वाचवणे ही काटकसर नव्हे.

मानेसर आणि वाडी

पातळी सर्वत्र एकच असली, तरी ती अमलात आणण्याच्या अडचणी जागेप्रमाणे बदलतात. मानेसरमध्ये कामगार राज्य विमा योजनेचे रुग्णालय वसाहतीतच आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला, योजनेत नोंदलेला कामगार पहिल्या दिवसापासून वैद्यकीय सेवेस पात्र असतो. धक्का कारखान्यात बसला की भाड्याच्या खोलीत, यावर उपचार मिळणे अवलंबून नसते. तरीही नव्याने आलेली मुले जात नाहीत. कारण कधी कार्ड काढलेले नसते, कधी पाळी बुडण्याची भीती असते, तर कधी घरमालकाशी वाद नको असतो. तिथे अंतराची अडचण नाही, माहितीची आहे. गावातून मुलगा निघताना त्याला पापड-लोणच्याची पिशवी दिली जाते. विमा कार्डाचा क्रमांक मोबाईलमध्ये जपून ठेव, एवढे वाक्यही त्यासोबत जायला हवे.

मेळघाटातील पाड्यावर किंवा बालाघाटच्या डोंगरातील वस्तीवर चित्र उलटे असते. तिथे घरात माणसे असतात, पण ईसीजी दूर असतो. रात्रीच्या वेळी पंपाला वीज येते, धक्का रात्री बसतो आणि गाडी सकाळी मिळते. अशा ठिकाणी निर्णयाला उशीर करण्याची मुभा शहरापेक्षाही कमी असते. सहा प्रश्नांपैकी एकाचे उत्तर ‘हो’ आले, की रात्रीच १०८ ला फोन करावा. हरियाणात असणाऱ्याने ११२ लावावा. ‘सकाळी बघू’ हे वाक्य पाठदुखीला चालते, छातीतल्या धडधडीला चालत नाही.

दवाखान्यातील नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत विजेच्या धक्क्याचा अपघात समाविष्ट आहे. मृत्यू आल्यास २ लाख रुपये आणि एक हात, पाय किंवा डोळा कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज कृषी विभागाकडेच येतो आणि कागदपत्रे जुळवताना वेळेत झालेली वैद्यकीय नोंद नसली की कुटुंबाची ओढाताण होते. धक्का बसल्या दिवशीची केसपेपरवरील एक ओळ पुढे फार मोलाची ठरते.

पहिली पाच मिनिटे

डॉक्टरकडे जायचे की नाही, हा प्रश्न माणूस वाचल्यानंतरचा आहे. त्याआधी चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही. मेन स्विच बंद करायचा किंवा प्लग ओढायचा. ते शक्य नसेल, तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडाने वायर दूर करायची. हा उपाय फक्त घरगुती दाबापुरता आहे. पडलेली वीजवाहिनी असेल, तर दहा मीटरच्या आत जायचे नाही आणि १९१२ वर कळवून पुरवठा बंद झाल्याची खात्री करायची. पंपाच्या पेटीतील कपॅसिटर वीज गेल्यावरही काही काळ भारित राहतो, हेही ध्यानात ठेवायचे.

माणूस निपचित असेल आणि श्वास चालत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहायचे. या पद्धतीचा जन्मच विजेच्या धक्क्यांतून झाला. तारांवर काम करणारे कामगार दगावत होते, म्हणून अमेरिकेतील वीज उद्योगाच्या पाठबळावर जॉन्स हॉपकिन्स येथे विल्यम कौवेनहोवेन या विद्युत अभियंत्याने संशोधन हाती घेतले; त्यातून हृदयाला पूर्ववत लय देणारे यंत्र पुढे आले आणि १९६० मध्ये छातीवर दाब देण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. काही भागांत धक्का बसलेल्याला ओल्या मातीत किंवा शेणात गळ्यापर्यंत पुरतात. शरीरातील वीज जमिनीत उतरते, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. शरीरात वीज साठून राहत नाही. पुरण्यात गेलेली दहा मिनिटे हीच त्या माणसाच्या वाचण्याची दहा मिनिटे असतात. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नये.

जागेचा इलाज

घरी थांबायचे ठरले तरी एक काम उरतेच. प्रत्येक धक्का हा कामगंध सापळ्यात आलेल्या पतंगासारखा असतो. एका पतंगाने नुकसान होत नाही, पण शेतात काय चालले आहे ते तो सांगतो. कूलरच्या पत्र्याला झिणझिण्या आल्या, याचा अर्थ आत कुठेतरी आवरण फाटले आहे आणि अर्थिंग नाही. आज कोरड्या हाताला सौम्य वाटलेला तो झटका उद्या ओल्या केसांच्या मुलीला बसणार आहे. माणसाला प्रत्येक वेळी डॉक्टर लागेलच असे नाही. पण त्या जागेला वायरमन प्रत्येक वेळी लागतो, आणि तोपर्यंत ते उपकरण बंद ठेवावे लागते.

घरात एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी एक हिशेब करावा. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणूस ज्या १०० मिलिअँपिअरने दगावतो, तो त्याच्या खिजगणतीतही नसतो. माणसासाठी असते ते ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी. वायर सुटेनाशी होण्याची मर्यादा मोजणाऱ्या डॅलझिएलनेच १९६१ मध्ये गळती ओळखून क्षणार्धात वीज तोडणारे असे साधन तयार केले. तेही सर्वशक्तिमान नाही. एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हींना हात लागले, तर त्याला गळती दिसत नाही. तरीही कूलर, गिझर, गोठ्यातील कडबाकुट्टी यंत्र यांसाठी त्याच्यावरचा खर्च एका फवारणीच्या हिशेबात बसणारा आहे.

कृषी संशोधन संस्थांनीही आपल्या शिफारशीकडे पुन्हा पाहावे. वळवाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर जमतात, तेव्हा प्रकाश सापळे लावायला सांगितले जाते. नेमकी तीच वेळ ओल्या जमिनीची, ओल्या झाडांची आणि सांधे मारलेल्या वायरींची असते. सापळ्याच्या प्रत्येक शिफारशीत अखंड वायर, पाण्यापासून सुरक्षित होल्डर, आरसीसीबी आणि घमेले रिकामे करण्यापूर्वी प्लग काढणे, या बाबी मात्रेइतक्याच ठळकपणे छापल्या जाव्यात. शक्य तेथे कमी दाबाच्या सौर सापळ्यालाच प्राधान्य द्यावे.

खरिपाच्या सभा आता सुरू होतील. बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकानंतर पाच मिनिटे काढून वरील सहा प्रश्न मोठ्याने वाचून दाखवता येतील. त्यांचा कागद स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवता येईल, त्याखाली १०८ आणि १९१२ हे क्रमांक लिहिता येतील. सभेला आलेल्या ज्या शेतकऱ्याचा मुलगा मानेसरला, चाकणला किंवा वाळूजला आहे, त्याने त्या कागदाचा फोटो त्याच रात्री मुलाला पाठवावा आणि आजवर किती वेळा करंट बसला, तेही एकदा विचारावे.